कर्तेपण देवास वाहिलेला कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

महिन्यांमध्ये मार्गशीर्ष हा भगवंतांनी आपल्या विभूतींत गणलेला महिना. गीताजयंती याच महिन्यात येते, दत्तजयंती याच महिन्यात येते, आणि बहुधा त्याच सुमारास आपल्या नागपुरातील ख्रिस्ती बांधवांचा नाताळही येतो. सदर भागातील गिरिजाघरांवर दिवे लागतात, आणि महालातील वाड्यांतून दत्तजन्माचे पाळणे ऐकू येत असतात. थंडी एकच, रात्र एकच, आणि दोन्हीकडे चाललेले स्मरण एका जन्माचेच. अशा दिवसांत एका ख्रिस्ती कवीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आमच्या मनात आले. आमच्यासारख्या रामटेकच्या गडाखाली नारदांच्या गादीची सेवा करणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, हा कवी आमच्याच परंपरेत वाढला, आमच्याच नागपुरात संस्कृताची सेवा करीत होता, आणि त्याच्या आयुष्याने जे वळण घेतले तेही नागपूरहून निघालेल्या एका आगगाडीत. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

आमच्या कीर्तनाचा शिरस्ता असा की, आधी पूर्वरंगात सिद्धांत मांडावयाचा आणि मग उत्तररंगात आख्यान लावावयाचे. येथेही तोच क्रम पाळतो.

पूर्वरंग : यक्षाची काडी

केनोपनिषदात एक लहानशी कथा आहे. देवासुरांच्या युद्धात देवांचा जय झाला. जय वस्तुतः ब्रह्माचा, कारण बळ त्याचे. परंतु देवांस वाटले की, हा पराक्रम आपला, हा महिमा आपला. तेव्हा ब्रह्म त्यांच्यापुढे यक्षरूपाने प्रकट झाले. हे कोण, म्हणून विचारावयास प्रथम अग्नी गेला. यक्षाने त्याचे सामर्थ्य विचारले. पृथ्वीवरील सर्व काही जाळू शकतो, असे अग्नीने सांगितले. यक्षाने त्याच्यापुढे गवताची एक काडी ठेवली. अग्नीने सर्व बळ एकवटले, पण काडी जळली नाही. मग वायू गेला. त्याच्याने ती काडी हालली नाही. शेवटी इंद्र गेला, तर यक्षच अंतर्धान पावला, आणि त्या आकाशात हैमवती उमा उभी राहिली. तिने सांगितले तेव्हा इंद्राला कळले की, जय कोणाचा होता.

या कथेत असुरांचा दोष सांगितलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोष देवांचा आहे, आणि तोही पराभवातला नव्हे, जयातला आहे. दुःखात देवाची आठवण कोणासही होते. ताप चढला, कोर्टात तारीख लागली, मुलाचा निकाल जवळ आला की, देव्हाऱ्यापुढची निरांजने वाढतात. खरी कसोटी लागते ती सुख पदरात पडल्यावर. शेत पिकले, नोकरी लागली, घर उभे राहिले, लोक नावाजू लागले, म्हणजे ते कोणाच्या नावावर मांडावयाचे? ज्याने सर्व दिले त्याच्या नावावर मांडणे, याला आपल्याकडे निरहंकार म्हणतात, ईश्वरार्पण म्हणतात. ख्रिस्ती धर्मात याच वृत्तीला नम्रता म्हणतात आणि तिला सर्व सद्गुणांच्या मुळाशी ठेवतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचे जे डोंगरावरचे प्रवचन आहे, त्यातील पहिला आशीर्वाद श्रीमंताला नाही, विद्वानाला नाही, पराक्रम्याला नाही. जो अंतःकरणाने दीन आहे, ज्याला आपल्या रितेपणाची ओळख आहे, त्याला आहे. शेवटच्या रात्री येशूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. राजसूय यज्ञात भगवान श्रीकृष्णांनी आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपणाकडे घेतले, हे आपण भारतात वाचतो. जो सर्वांत थोर तो पायांशी बसतो, ही खूण दोन्हीकडे एकच.

आता या सिद्धांताचे आख्यान.

कोकणातून नाशिकास

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी आणि तापट होते. आई जानकीबाई मृदू स्वभावाच्या, काव्याची आवड असलेल्या. मुलगा लहान असतानाच आई गेली, आणि त्या घरात त्याचे मन राहिले नाही. तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या व्युत्पन्न पंडितापाशी त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले. थोडे इंग्रजी शिक्षणही झाले. परंतु पोट भरण्याची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर येऊन शाळा सुटली. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका ही कन्या लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरी आली. वधूचे वय अकरा-बारा वर्षांचे होते.

पुढील दहा वर्षे हा संसार एका जागी स्थिरावला नाही. टिळक कोठे शिक्षक झाले, कोठे पुराण सांगू लागले, कोठे कीर्तन करू लागले. वक्तृत्व धबधब्यासारखे, कविता जिभेवर, आणि राग नाकावर. मनात आले की घर सोडून निघावे, पत्नीला पत्ताही नसावा. हे आम्ही कोणाची निंदा म्हणून सांगत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रे या आत्मकथेत ते सर्व हसतमुखाने लिहून ठेवले आहे, आणि नम्रतेचे चरित्र सांगताना नायकाचा आरंभीचा स्वभाव झाकून ठेवला तर चरित्राला अर्थ उरत नाही. उपजत शांत असलेला मनुष्य नम्र झाला, यात नवल ते कोणते? ज्वालाग्राही मनुष्य नम्र झाला, तेथे सांगण्यासारखे काही घडते.

नागपूरचे दिवस

१८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत टिळक नागपुरास आले. भोसल्यांचे राज्य १८५४ पर्यंत खालसा झाले होते आणि शहर मध्यप्रांताची राजधानी बनले होते. स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली सुरू झाले होते. पण त्याचबरोबर जुन्या विद्येचा आदर करणारी धनिक घराणीही शहरात होती. त्यांपैकी बुटी घराण्यातील आप्पासाहेब बुटी यांनी टिळकांस आश्रय दिला. याच घराण्यातील बापूसाहेब बुटी यांनी पुढे शिर्डीस बांधलेल्या वाड्यात आज श्रीसाईबाबांची समाधी आहे. आप्पासाहेबांकडे संस्कृत ग्रंथांचे संपादन आणि भाषांतर हे टिळकांचे काम होते. त्याच काळात हिंदू धर्मविषयांचे विवेचन करणारे ऋषी नावाचे मासिकही त्यांनी चालविले.

अशा स्थितीत पंडिताला काय कमी असते? विद्या होती, आश्रयदाता होता, सभेत मान होता. तरीही टिळकांचे मन अस्वस्थ होते. आपल्या देशाची ही अवस्था का झाली, जातीजातींच्या भिंती का पडत नाहीत, वेदान्त मुखाने सांगणारे हात शेजाऱ्याला स्पर्श करावयास का कचरतात, या प्रश्नांनी त्यांना घेरले होते. प्रचलित धर्मांवर त्यांचे समाधान होईना; एखादा नवा धर्मच मांडावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. आम्हांस येथे त्यांच्या विद्वत्तेची अग्नीसारखी अवस्था दिसते. सर्व काही जाळू शकतो, सर्व काही उजळू शकतो, असा विश्वास होता. काडी मात्र अजून पुढे यावयाची होती.

आगगाडीतील भेट

नागपूरचे काम सुटल्यावर १८९३ साली टिळक राजनांदगावास निघाले. आज छत्तीसगडात असलेले हे गाव त्या काळी एका संस्थानाची राजधानी होते, आणि त्या संस्थानाचे अधिपती वैष्णव बैरागी महंत होते. तेथे नोकरीची आशा होती. या मार्गाने आम्हीही कीर्तनासाठी अनेकदा गेलो आहो. भंडारा मागे पडला, गोंदिया गेले की, दोन्ही बाजूंचे जंगल दाटत जाते, आणि डब्यातील अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात.

टिळकांच्या डब्यात एक गोरा गृहस्थ होता. राज्यकर्त्यांच्या जातीचा मनुष्य आपणास बसू देईल की नाही, अशी शंका त्या काळच्या प्रवाशास येणे स्वाभाविक होते. या गृहस्थाने मात्र आदराने जागा दिली, आणि संभाषण संस्कृत काव्यावर गेले. बोलता बोलता ते धर्माकडे वळले. त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराचे पुस्तक ठेवले, ते वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते मनावर घेतले नाही. पण दिलेला शब्द पाळावा म्हणून पुस्तक उघडले, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर ते थांबले ते थांबलेच. तेथून त्यांना पुढे जाववेना.

त्या सहप्रवाशाचे नाव अर्नेस्ट वॉर्ड, असे अभ्यासकांनी मागाहून नोंदविले. पण चरित्रात पुष्कळ काळ तो निनावीच वावरला. आम्हांस ते फार उचित वाटते. ज्याने एवढे मोठे वळण दिले त्याच्या नावाचा डंका वाजला नाही. दान करताना उजव्या हाताचे काम डाव्याला कळू नये, असा बोध त्याच प्रवचनात आहे. पुस्तक देणाऱ्याने पुस्तकातील आज्ञा पाळली, असेच म्हणावे लागते.

त्या पंडिताला नेमके काय भावले असेल, याचा आम्ही आमच्या परीने विचार केला आहे. तर्काने तर्काला जिंकण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. पण त्या प्रवचनात जिंकण्याची गोष्टच नव्हती. रानातली फुले कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत, तरी त्यांना नेसविणारा कोणी आहे. आकाशातली पाखरे पेरीत नाहीत, तरी त्यांना चारणारा कोणी आहे, असा तेथे बोध आहे. पुढे महाराष्ट्राने टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले. वनवासी फूल हे त्यांचे काव्य प्रसिद्धच आहे. फूल आपल्या सुगंधाचे श्रेय घेत नाही आणि मूल आपल्या हास्याचे घेत नाही. कर्तेपणाचा स्पर्श न झालेल्या या दोन वस्तूंवर या कवीने जन्मभर प्रेम केले. त्या प्रेमाचा आणि आगगाडीतील त्या पोथीचा संबंध असावा, असे आमचे मन सांगते.

दुःखाची बाजू

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो कोणा परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी उपदेशकाच्या हातून त्यांनी घेतला.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे वाचताना कळ येईल. आम्हांलाही लिहिताना ती आली. ज्याने धर्मग्रंथांचे संपादन केले, ज्याने व्यासपीठावरून पुराण सांगितले, तो आपला मनुष्य घर सोडून गेला. ही कळ लपवून त्याचे गुण गाणे हा खोटेपणा होईल. आणि सर्वांत मोठा आघात झाला तो जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येवर. सोवळ्याओवळ्याचा कडक आचार असलेल्या घरात ती वाढली होती. पतीने धर्म बदलला आणि कुंकवाचा धनी जिवंत असताना ती एकाकी झाली. लहानग्या दत्तूला उराशी धरून लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरासही राहिल्या. पांडुरंगाच्या दारी या माउलीने किती अश्रू ढाळले असतील, ते त्या पायरीलाच ठाऊक.

टिळक तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. त्यांची पत्रे येत होती. काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. पण लक्ष्मीबाईंनी आपले पाणी वेगळे ठेवले, चूल वेगळी ठेवली. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. या तापट माणसाचे हे थांबणे आम्हांला त्याच्या सर्व कवितांहून मोठे वाटते. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातच एक प्रश्न उभा राहिला : हा जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यावयास आरंभ केला, आणि १९०० साली त्यांनीही स्वेच्छेने पतीचा मार्ग धरला. दोघांनी मिळून दुष्काळात आणि साथींत अनाथ मुलांना आपल्या घरात घेतले.

धर्म बदलला तरी टिळकांनी महाराष्ट्र सोडला नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पायांवरची त्यांची निष्ठा अढळ होती. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी उघड सांगितली. परदेशी चालींवर ओढून बसविलेली गीते त्यांना रुचली नाहीत. त्यांनी अभंग लिहिले, पदे रचली, ओव्या रचल्या, टाळमृदंगावर भजने म्हटली, आणि आमची ही कीर्तनाची रीत ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांची शेकडो पदे गाइली जातात. अभंगांजली या त्यांच्या संग्रहाचे नावच पाहा. अंजलीत जे असते ते वाहावयाचे असते, बाळगावयाचे नसते.

नम्रता म्हणजे लाचारी नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नम्र मनुष्य म्हणजे सर्वांपुढे वाकणारा मनुष्य, अशी आपली समजूत असते. टिळक तसे नव्हते. ते कडवे देशाभिमानी होते. मिशनऱ्यांनी देशी बांधवांशी पालकाच्या थाटात वागावे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते, आणि ते त्यांनी स्पष्ट बोलून दाखविले. १९०४ साली ते दीक्षित उपदेशक झाले, १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक झाले, पण त्यांचा कणा ताठ राहिला. मान देवापुढे लववली की ती अन्यत्र लववण्याची गरज राहत नाही. तुकोबांनी राजाचा नजराणा परत केला तो याच बळावर. जो सर्व देवाचे मानतो त्याला माणूस काय देणार आणि काय काढून घेणार?

दुसऱ्याच्या गुणांविषयी मात्र ते पाण्यासारखे खाली वाहत. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे एका कोवळ्या वयाच्या मुलाने कविता म्हटली आणि बालकवी ही पदवी मिळविली. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे. टिळकांनी त्या मुलाला पुढे आपल्या घरी ठेवून घेतले. एका कवीने दुसऱ्या, आपल्याहून तरुण आणि तेजस्वी कवीला घरात आणावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आम्ही कलावंत माणसे. आम्हांला ठाऊक आहे.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या उत्सवात आमचे कीर्तन ठरले होते. पत्रिका हाती आली तेव्हा आमच्याहून वयाने लहान अशा एका बुवांचे नाव वर आणि आमचे खाली छापलेले. आम्ही शब्दाने काही बोललो नाही, परंतु त्या रात्री पूर्वरंगात अहंकाराचा विषय घेऊन आम्ही जे निरूपण केले, त्यात रस भक्तीचा नव्हता, रागाचा होता. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माळकरी बाई पाया पडावयास आली. तिने आधी गादीला नमस्कार केला, बुक्का लावला, आणि मग आमच्या पायांस हात लावला. तिच्या क्रमाने आम्हांस शिकविले. हार नारदांच्या गादीचा. आम्ही त्या गादीवर थोडा वेळ उभे राहतो इतकेच. ज्याला श्रोते वाकतात तो आम्ही नव्हे. त्या रात्री आमच्यापुढेही यक्षाची काडी पडली होती, आणि ती आमच्याने हालली नाही. टिळकांचे चरित्र आम्ही मन लावून वाचले ते त्यानंतर.

देण्याचा हिशेब

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मिळालेले आपले नाही, देवाचे आहे, आणि समोर जो गरजू उभा आहे त्याच्या हातूनच देव ते परत मागतो आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाजारात जिन्नस आणावयास पाठविलेला हा मनुष्य काय घेऊन येईल, किंवा काही घेऊन येईल की नाही, याची खात्री घरात कोणाला नसे. वाचकांतील गृहिणी येथे हसतील, आणि त्यांचे हसणे योग्यच आहे. कारण कवीने दिले ते संसारातून, आणि तो संसार ओढला तो लक्ष्मीबाईंनी. देव देतो हे खरे. परंतु त्याने दिलेल्या मूठभर तांदळाचा पाच पानांना पुरेल असा भात करणारे हात चुलीपाशी बसलेले असतात. देवाला श्रेय देताना त्या हातांना विसरणे ही नम्रता नव्हे, तो एक सूक्ष्म अहंकारच होय. टिळकांना हे कळले होते, असे आम्ही मानतो. कारण ज्या पत्नीला त्यांनी अक्षरओळख करून दिली, तिच्या कवितेचा त्यांना पुढे अभिमान वाटू लागला.

१९१७ साली त्यांनी शेवटची गाठही सोडली. मिशनचे वेतन त्यागून ते साताऱ्यास राहावयास गेले. ठरलेला पगार नको. ज्या धन्याची चाकरी करावयाची त्यानेच पोसावे, ही वृत्ती त्यांनी स्वीकारली. तेथे त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक बंधुमंडळ उभारले. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. नावही कसे निवडले पाहा. दरबार देवाचा, आपण तेथे हुजरे.

अपुरा ग्रंथ

येशूचे समग्र चरित्र ओवीबद्ध करावे, अशी टिळकांची फार दिवसांची इच्छा होती. ख्रिस्तायन असे त्याचे नाव. नावातच रामायणाचा गंध आहे. पण सुमारे दहा-अकरा अध्याय झाले आणि आयुष्य संपत आले. ज्या बालकवीला त्यांनी मुलासारखे वागविले तो ५ मे १९१८ रोजी आगगाडीच्या अपघातात गेला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला. वय अवघे सत्तावन्न. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला.

महाकाव्य अपुरे राहिले. पंडिताच्या अहंकाराला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आणि ज्याने कर्तेपण टाकले आहे त्याला यात शिक्षाच नाही, कारण ग्रंथ त्याचा नव्हताच. तो ज्याचा होता त्याने लिहिणारा हात बदलला. ज्या मुलीला लग्नाच्या वेळी धड वाचता येत नव्हते, जिने पतीच्या धर्मांतरासाठी रात्रंदिवस अश्रू गाळले होते, त्या लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली आणि पुढील ६४ अध्याय रचले. १९३४ पासून त्यांच्या स्मृतिचित्रांचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि मराठी गद्याला एक अलंकार मिळाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. तेव्हाही ख्रिस्तायन संपले नव्हते. शेवटचा अध्याय लिहिला तो पंढरपुरात आईच्या कुशीत वाढलेल्या त्या दत्तूने, म्हणजे देवदत्त नारायण टिळक यांनी. १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एक ग्रंथ, तीन हात. आणि तिघांनीही ज्याचे श्रेय त्यालाच वाहिले.

वाचकहो, टिळकांनी निवडलेला मार्ग आमचा नाही, आणि तो आमच्या वाचकांनी धरावा असेही आम्ही सुचवीत नाही. ज्या घरात आपण जन्मलो त्या घराच्या देव्हाऱ्यात काय उणे आहे? श्रुती आहे, गीता आहे, संत आहेत. केनोपनिषदातील यक्ष आपल्याच अंगणात उभा आहे. पण आपल्याकडे ठेव असूनही आपण ती वापरीत नाही, हे दुसऱ्या घरी गेलेल्या आपल्याच भावाकडे पाहून कळते. आरतीच्या शेवटी आपण तन, मन, धन देवाचे असे म्हणतो, आणि प्रसाद वाटून झाला की दाराच्या पाटीवर, कोनशिलेवर, देणगीच्या फलकावर आपले नाव नीट लागले की नाही, ते पाहावयास जातो. नावाची ती पाटी हीच यक्षाची काडी.

येत्या दिवसांत घरी काही शुभ घडेल. कोणाचे लग्न ठरेल, कोणास नातू होईल, कोणाचे दुखणे बरे होईल. तेव्हा मी केले हे वाक्य ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर थांबावे, देव्हाऱ्यापुढे निरांजन लावावे, आणि ज्यांच्या हातांतून देवाने ते आपणापर्यंत पोहोचविले त्या माणसांनाही नमस्कार करावा. नाताळच्या रात्री शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात दिवा दिसला तर त्या घरीही दोन शब्द गोड बोलून यावे. गव्हाणीत जन्मलेल्या देवाची कथा तेथे चाललेली असेल; आपण कारागृहात जन्मलेल्या देवाचे भक्त आहो. ऐश्वर्याच्या दारातून न आलेला देव कसा असतो, हे आपणांस कोणी नव्याने सांगावयास नको.

आम्ही येथे गादीला नमस्कार करून थांबतो. लेखात काही बरे उतरले असेल तर ते देणाऱ्याचे. जे उणे राहिले ते मात्र आमचे.